सतरावी खूण

आज देवळात वाचनाची पाळी माझी होती.
तेच वाचन: रात्रभर जाळं ओढून रिकामे परतणारे सात जण,
किनाऱ्यावर कोळसे पेटवून बसलेला एक,
आणि उजवीकडं टाका, हे त्याचं सांगणं.
वाचता वाचता नजर तिसऱ्या बाकाकडं गेली.
पापा स्वतःच्या चपलांकडं बघत होता.

गेल्या वर्षी कर्ज काढून बोटीवर यंत्र बसवलं.
फॉर्म मीच भरला, ओटीपी तीनदा चुकवत.
मासळी दाखवणारा पडदा, शाळेच्या वहीएवढा,
आणि केबिनमध्ये त्याला जागा एकच.
मावलीची तसबीर उतरवून ग्लॅड्सननं
त्याच दोन भोकांत स्क्रू पिळले.
तसबीर आता प्रथमोपचाराच्या डब्यात असते,
आयोडीन आणि चिकटपट्टीच्या मध्ये.
"बरी हाय तिथं," पापा म्हणाला, "लागलं-खुपलं की दिसंल."
तेव्हा हसला होता.

खोटं कशाला बोलू, यंत्र चालतं.
निळ्यावर लाल-पिवळ्या कोरी उमटतात
आणि तिथं खरंच मासे असतात.
हप्ते फिटतायत. पावलीनाची फी वेळेवर गेली.
फक्त जाळं सोडताना पापा जे पुटपुटायचा,
ज्यातले अर्धे शब्द पोर्तुगीज
आणि उरलेले त्यालाही न कळणारे,
ते थांबलं.
थांबव असं कुणी म्हणालं नाही.
पडदा आधी बोलतो, एवढंच.

मी वाचायची थांबले होते.
डोक्यात वेडगळ काहीतरी आलं होतं:
त्या सातांकडं हे यंत्र असतं
तर ते रिकामे परतलेच नसते.
पहाटे किनाऱ्यावरून कुणी विचारलं असतं,
पोरांनो, लागलं का काही,
तर ओरडले असते, हो हो, भरपूर!
आणि तसेच गेले असते बर्फाच्या गाडीकडं,
वजनकाट्याकडं, कोण किती भाव देतो ते बघायला.
त्यानं भाजून ठेवलेली मासळी
तशीच गार झाली असती, वाळूत.

फादर डेरिक खोकले.
मी पुढची ओळ वाचली.

सतराव्या खुणेचं सांगायचं राहिलं.
यंत्रात ठिकाणं जपून ठेवता येतात.
सोळांना नुसते आकडे आहेत: पापलेट, घोळ,
एक जाळं फाडणारा खडक.
सतरावीला नाव आहे. रुमाव.
माझा काका. माझ्या जन्माआधी वादळात गेला,
सापडला नाही.
देवळाचं शिखर आणि डोंगरीचा ताड एका रेषेत आले
की पापा इंजिन बंद करायचा,
आणि जागच्या जागी फिरत
चारी बाजूंना क्रूस काढायचा,
कारण नेमकं कुठं ते ठाऊक नव्हतं.
सगळा दर्याच रुमाव होता तेव्हा.

आता बीप वाजतो.
अंश, मिनिटं, सेकंद, पुढं दशांशसुद्धा.
बोट ठिपक्यावर येते. एक क्रूस,
एकदा "आमच्या बापा", आणि गियर.

ते बटण दाबलं त्या दिवशी
मी हट्टानं बोटीवर गेले होते.
"इथंच कुठंतरी, नाय?" पापानं मला विचारलं.
मला! जिनं काकाचा फोटोसुद्धा एकच पाहिलाय.
मी हो म्हणाले.
यंत्रानं सगळं लिहून घेतलं,
फक्त "कुठंतरी" घेतलं नाही.

मिस्सा सुटल्यावर तो पायरीवर घोटाळला.
"त्यातलं नाव काढता येतं काय गं?"
येतं की. दोनदा दाबायचं.
"नको," म्हणाला.
धक्क्यावरून बर्फाच्या गाडीचा भोंगा आला.
डिझेल भरायचं होतं, पहाटे चारला निघायचं होतं.
चार पावलं गेल्यावर, माझ्याकडं न बघता,
"बघू."